धनुष्कोडीच्या टोकावर जाण्यापूर्वी

सोयाबीनची रास झाली, हरभरा-ज्वारीची पेरणी उरकली आणि दिवाळी पार पडली, की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या भागांत दक्षिण यात्रेची बोलणी सुरू होतात. तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी ही ठरलेली वाट. अलीकडे त्या वाटेवर धनुष्कोडीचे नाव आवर्जून घेतले जाते. रामेश्वरच्या बेटाचे हे आग्नेयेकडचे निमुळते, वाळूचे टोक. एका हाताला बंगालचा उपसागर, दुसऱ्या हाताला मन्नारचे आखात आणि त्याच्या पलीकडे हिंदी महासागर. समोर तीसेक किलोमीटरवर श्रीलंका.

या ठिकाणाबद्दल वाचक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. कोणत्या महिन्यात जावे? टोकापर्यंत गाडी जाते की जीपच करावी लागते? संगमावर स्नान करता येते का? आई-वडिलांना झेपेल का? यात्रा कंपनीने टोक न दाखवताच परत आणले तर काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे इथे क्रमाने देत आहोत. त्यांतल्या तीन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवा: ऋतू तिथला पाहा, टोकावर उजेडात पोहोचा आणि पाण्यात उतरू नका.

आधी हे ठरवा: धनुष्कोडी, कन्याकुमारी की दोन्ही?

दोन्ही ठिकाणी समुद्र मिळतात असे सांगितले जाते, म्हणून अनेकांचा गोंधळ होतो. प्रत्यक्षात ही दोन ठिकाणे अगदी वेगळी आहेत.

- कन्याकुमारी हे भारताच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक. गाव मोठे आहे, निवास भरपूर आहेत, रेल्वे थेट गावात येते. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र आणि हिंदी महासागर इथे मिळतात, अशी परंपरेने ओळख आहे. समुद्रातल्या खडकावरचे विवेकानंद स्मारक १९७० साली पूर्ण झाले. ते उभारण्यासाठी झटलेले एकनाथ रानडे मूळचे अमरावती जिल्ह्याचे. शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा आहे. दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल डिसेंबर २०२४मध्ये खुला झाला.
- धनुष्कोडी इथे यातले काहीच नाही. मुक्कामाची सोय नाही, मोठे हॉटेल नाही, दवाखाना नाही. रस्ता, वाळू, पडक्या इमारती, मच्छीमारांच्या झोपड्या आणि दोन्ही बाजूंना पाणी एवढेच आहे. मुक्काम रामेश्वरलाच करावा लागतो.

घरात चालायला त्रास होणारी माणसे किंवा लहान मुले असतील आणि दिवस कमी असतील, तर कन्याकुमारी सोयीचे. रामेश्वरचे दर्शन हाच मुख्य हेतू असेल, तर धनुष्कोडीसाठी अर्धा दिवस वाढवा. दोन्ही करायचे असेल, तर रामेश्वर ते कन्याकुमारी हे अंतर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर आहे. गाडीने त्यात सहा-सात तास जातात, म्हणून एक पूर्ण दिवस प्रवासासाठीच धरा. घरून निघून घरी परतेपर्यंत, दोन्ही ठिकाणांसाठी किमान आठ दिवस हाताशी हवेत.

दोन समुद्रांची रेघ दिसते का?

पाण्यावर ओढलेली कायमची रेघ कुठेच नसते. धनुष्कोडीच्या उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी आहे, ती बंगालच्या उपसागराचा भाग. दक्षिणेला मन्नारचे आखात आहे, ते हिंदी महासागराकडे उघडते. वारा, भरती-ओहोटी आणि ढवळलेली वाळू यांमुळे दोन्ही बाजूंच्या पाण्याचा रंग आणि लाटांची उसळी वेगळी दिसते. बहुतेक दिवशी एक बाजू संथ आणि दुसरी खवळलेली असते, आणि मोसम बदलला की हे उलटते. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या महिन्यांत दक्षिण बाजू उग्र असते, तर ईशान्य वाऱ्यांच्या महिन्यांत उत्तर बाजू. टोकाशी दोन्हीकडच्या लाटा तिरक्या येऊन एकमेकींवर आदळतात. पाहायचे ते हेच. भ्रमणध्वनीवर फिरणारी निळ्या-हिरव्या पाण्याची चित्रे मनात धरून गेलात तर निराश व्हाल.

जगात इतरत्रही असेच आहे. दक्षिण आफ्रिकेत बहुतेक प्रवासी केप पॉइंटला जाऊन दोन महासागर पाहिल्याचे समाधान मानतात. अटलांटिक आणि हिंदी महासागरांची मान्य सीमा मात्र तिथून बरीच पूर्वेला, केप अगुल्हासला आहे.

कधी जावे: आपला पाऊस नव्हे, तिथला पाऊस पाहा

आपल्याकडच्या प्रवाशांची सर्वांत मोठी गल्लत इथे होते. धाराशिवला पाऊस जून ते सप्टेंबर. परतीचा पाऊस सरला की आकाश मोकळे, म्हणून दिवाळीनंतर यात्रा काढायची, असे आपले गणित. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तो ईशान्य मोसमी पाऊस. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळेही बहुधा याच महिन्यांत येतात. म्हणजे आपली सवड आणि तिथला धोका नेमके एकाच वेळी येतात.

महिन्यांचा अंदाज असा ठेवा:

- ऑक्टोबर ते डिसेंबर: शक्यतो टाळा. वादळाचा इशारा आला की टोकाकडचा रस्ता बंद होतो, पांबन पुलावरून गाड्या थांबवल्या जातात आणि तुम्ही बेटावर अडकू शकता.
- जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात: सर्वांत चांगला काळ. येळवस झाली, तुळजापूरचे शाकंभरी नवरात्र आटोपले, संक्रांत झाली आणि ज्वारी अजून काढणीला आलेली नाही, असे काही आठवडे शेतकरी घरांनाही मोकळे मिळतात. तेच धरा.
- मार्चअखेर ते मे: उष्मा आणि दमट हवा. टोकावर सावली नाही. जायचेच असेल तर सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत परता.
- जून ते सप्टेंबर: पाऊस कमी, पण वारा जोराचा. वाळू अंगावर येते. प्रकृती चांगली असलेल्यांनीच जावे.

तारखा ठरवताना पंचांगही बघा. आषाढ अमावास्या आणि पौष अमावास्या या दोन्ही दिवशी पितृकार्यासाठी रामेश्वरला प्रचंड गर्दी होते. जानेवारीच्या मध्यावर पोंगलची सुट्टी असते. अशा दिवसांत खोल्यांचे दर चढतात आणि तीर्थकुंडांवर तासन् तास रांग लागते. विधीसाठी तीच तिथी हवी असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दोन-चार दिवस मागे-पुढे करा.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून भारतीय हवामान विभागाचा रामनाथपुरम जिल्ह्याचा अंदाज रोज पाहा. रामेश्वर त्याच जिल्ह्यात आहे.

धाराशिवहून कसे जावे

धाराशिवहून रामेश्वरला थेट रेल्वे नाही. बहुतेकांसाठी प्रवासाची खरी सुरुवात सुमारे ७० किलोमीटरवरच्या सोलापूर स्थानकापासून होते.

१. सोलापूर–मदुराई–रामेश्वर: मुंबई–नागरकोइल एक्स्प्रेस सोलापूरवरून मदुराईला जाते. ती रोज नाही, म्हणून वार पाहून बेत आखा. सोलापूर ते मदुराई साधारण एक पूर्ण दिवस-रात्र लागते. मदुराईला मीनाक्षीचे दर्शन घेऊन पुढचे सुमारे १७० किलोमीटर रेल्वेने किंवा बसने जाता येते. ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांना हाच मार्ग बरा.

२. सोलापूर–चेन्नई–रामेश्वर: चेन्नईला गाड्या भरपूर आहेत, पण एक अडचण आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या गाड्या बहुधा चेन्नई सेंट्रलला पोहोचतात, तर रामेश्वरच्या गाड्या एग्मोर किंवा तांबरम या वेगळ्या स्थानकांवरून सुटतात. तिकिटावर स्थानकाचे नाव नीट वाचा आणि मध्ये किमान चार-पाच तास ठेवा.

३. सोलापूर–कन्याकुमारी: पुणे–कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरवरून केरळमार्गे जाते. आधी कन्याकुमारी, मग रामेश्वर आणि परतताना मदुराई असा फेरा यातून जमतो.

४. विमान: उमरगा, लोहारा, नळदुर्ग भागातल्यांना हैदराबाद जवळ पडते. तिथून मदुराईला विमाने आहेत. रामेश्वरला विमानतळ नाही.

५. स्वतःची गाडी: सोलापूर, विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, मदुराई असा मार्ग. जाताना तेराशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. वाटेत दोन मुक्काम हवेतच. एकट्या चालकाने रात्रभर गाडी हाकू नये.

वेळ असेल तर तंजावरला एक दिवस थांबा. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख आहे. सेतूयात्रेला निघालेल्यांसाठी तंजावरच्या मराठा राजांनी या वाटेवर छत्रे बांधली होती. तिथे वाटसरूंना अन्न आणि निवारा मिळे. आपले लोक या वाटेने किती काळ चालत आले आहेत, ते तिथे कळते.

रेल्वेबद्दल जुनी माहिती वापरू नका. १९१४चा जुना पांबन पूल डिसेंबर २०२२पासून गाड्यांसाठी बंद होता आणि त्या काळात प्रवाशांना बेटाच्या अलीकडेच उतरावे लागे. नवा उचलता पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला आणि गाड्या पुन्हा थेट रामेश्वरला जाऊ लागल्या. ‘मंडपमला उतरून टॅक्सी करावीच लागेल’ असे कोणी सांगत असेल, तर आधी वेळापत्रक तपासा.

रामेश्वरहून टोकापर्यंत

शेवटच्या टोकाला अरिचल मुनै म्हणतात. रामेश्वरहून ते २२ ते २४ किलोमीटरवर आहे. पूर्वी डांबरी रस्ता अलीकडेच संपत असे आणि पुढे वाळूतून व्हॅन किंवा जीप करावी लागे. २०१७ साली रस्ता थेट टोकापर्यंत खुला झाला. आता साधी मोटार, रिक्षा आणि बस तिथवर जाते. ‘जीपशिवाय जाता येत नाही’ असे सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर ऐकू नका.

क्रम असा ठेवा:

१. सकाळी सहा-सातला निघा. ऊन कमी, गर्दी कमी, वाराही सौम्य.
२. वाहन ठरवा. सरकारी बस सर्वांत स्वस्त आहे. ती अरिचल मुनैपर्यंत जाते का आणि परतीची बस किती वाजता आहे, हे चढतानाच वाहकाला विचारा. रिक्षा ठरवताना जाणे, येणे, थांबण्याचा वेळ आणि वाटेतली ठिकाणे धरून एकच रक्कम ठरवा.
३. आधी टोक, मग बाकीचे. थेट शेवटपर्यंत जा. तासाभराने परतताना धनुष्कोडीचे अवशेष आणि नंतर कोदंडराम मंदिर पाहा. विभीषणाचा राज्याभिषेक इथे झाला अशी श्रद्धा आहे.
४. संध्याकाळची वाट पाहू नका. अंधार पडण्यापूर्वी पोलीस लोकांना परत पाठवतात आणि उशिरा आलेल्यांना तपासणी नाक्यावरूनच माघारी फिरवतात. दुपारी तीननंतर रामेश्वरहून निघू नका.
५. पाणी, खाणे आणि औषधे सोबत घ्या. वाटेत टपऱ्या आहेत, पण त्यांवर विसंबू नका. स्वच्छतागृहांची सोय तुटपुंजी आहे, तेव्हा निवासावरूनच आवरून निघा.

टोकाजवळ भ्रमणध्वनीचे जाळे कमकुवत असते. कधी श्रीलंकेचे जाळे पकडले जाते. निघण्यापूर्वी फोनमधले आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद करा आणि पुन्हा भेटायची जागा व वेळ सगळ्यांना तोंडी सांगून ठेवा.

होडीने रामसेतूच्या वाळूच्या बेटांवर नेतो, असे सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. जवळच भारत-श्रीलंका सागरी सीमा आहे. परवानगीशिवाय त्या दिशेने जाणे जिवावर आणि कायद्यावर दोन्हींवर बेतते.

पाण्यात का उतरू नये

आपल्याकडची पोरे विहिरीत आणि तलावात पोहायला शिकतात. विहिरीतले पाणी माणसाला ओढून नेत नाही. धनुष्कोडीच्या टोकाशी दोन बाजूंचे प्रवाह एकत्र येतात, पायाखालची वाळू सरकते आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोली एकदम वाढते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचाही तोल जातो. तरबेज पोहणाऱ्यालाही हा प्रवाह आत नेतो.

- कठड्यापलीकडे आणि खडकांवर जाऊ नका. ओल्या खडकावर उभे राहून छायाचित्र काढू नका.
- मुलांचा हात सोडू नका. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका.
- आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत आहे असे समजू नका. दूरच्या महासागरात उठलेल्या लाटा इथे वाऱ्याविना येऊन आदळतात. मे २०२४मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी अशाच लाटांत बुडाले. उंच लाटांचा इशारा आधीच दिलेला होता. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था असे इशारे देते. निघण्याच्या दिवशी ते पाहा.
- कोणी ओढले गेले तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेका आणि ११२ला फोन करा. ओढल्या गेलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे, किंवा तरंगत राहून हात वर करावा.

स्नानाची श्रद्धा असेल, तर रामेश्वरच्या मंदिरासमोरचे अग्नितीर्थ त्यासाठीच आहे. तिथे पाणी संथ असते आणि माणसांची वर्दळ असते. धनुष्कोडीला किनाऱ्यावर उभे राहून गडूने पाणी अंगावर घेतले तरी पुरे.

तीर्थविधी आणि देवळातले नियम

रामेश्वरची वाळू प्रयागला न्यायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला वाहायचे, ही काशी-रामेश्वर यात्रेची जुनी रीत. मराठवाड्याला ती विशेष जवळची आहे. रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल पैठणच्या एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती मनात ठेवली, तर पुढचे सल्ले पटतील: विधी जमेल तेवढाच करा, पण माणसांना त्रास देऊन करू नका.

- बावीस तीर्थे: मंदिराच्या आवारात बावीस कुंडे आहेत. अधिकृत तिकीट खिडकीवर मिळते आणि दर फलकावर लिहिलेला असतो. बादलीने पाणी ओतणारे बाहेर जास्त पैसे मागतात. आधी खिडकी गाठा.
- ओले कपडे: ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत. कोरड्या कपड्यांचा जोड आणि पंचा सोबत असू द्या.
- घसरण: कुंडांच्या वाटेवर फरशी सतत ओली असते. गुडघ्याचा, कमरेचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सगळी कुंडे करण्याचा हट्ट धरू नये.
- स्फटिक लिंगाचे दर्शन: ते पहाटेच असते. मंदिराजवळच मुक्काम केला तर सोपे जाते.
- भ्रमणध्वनी: मंदिरात नेता येत नाही. निवासावर ठेवा किंवा अधिकृत ठिकाणी जमा करून पावती घ्या.
- गंगाजल: अभिषेकासाठी नेणार असाल तर तांब्याच्या किंवा पितळेच्या गडूतून न्या आणि अभिषेकाचे तिकीट खिडकीवरच काढा.
- पितृकार्य: विधी कोणता, किती वेळाचा, साहित्य कोणाचे आणि दक्षिणा किती, हे बसण्यापूर्वी ठरवा. विधी सुरू झाल्यावर रक्कम वाढवून मागितली, तर शांतपणे नकार देण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

वाळू हवी असेल तर चिमूटभर घ्या. पिशव्या भरून नेऊ नका.

काय विकत घेऊ नये

किनाऱ्यावर प्रवाळ, मोठे शंख, वाळवलेले समुद्री घोडे आणि ‘सेतूचा तरंगता दगड’ विकायला असतात. मन्नारच्या आखातात १९८६ साली घोषित झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते विकणे गुन्हा आहे आणि जवळ बाळगणेही. शंखांच्या काही जातींनाही हा कायदा लागू आहे. ओळख पटत नसेल तर घेऊ नका. मच्छीमार बायकांकडून शिंपल्यांच्या साध्या माळा घेतल्यात, तर त्यांच्या घराला हातभार लागेल.

ही जागा कशी पाहावी

धनुष्कोडी एके काळी गजबजलेले बंदर होते. चेन्नईहून येणारी रेल्वे इथे थांबे आणि प्रवासी आगबोटीने श्रीलंकेतल्या तलाईमन्नारला जात. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला येणारी गाडी लाटेखाली गेली आणि तिच्यातले शंभराहून अधिक लोक गेले. गावही गेले. पुढे सरकारने ते राहण्यास अयोग्य ठरवले. आज दिसणाऱ्या चर्चच्या भिंती आणि रेल्वे स्थानकाचे अवशेष हे त्या रात्रीचे आहेत.

म्हणून या भिंतींवर चढू नका, नावे कोरू नका, दगड-विटा उचलू नका. न्यूझीलंडच्या उत्तरेला केप रेइंगा हे असेच दोन समुद्रांचे टोक आहे. मृतांचे आत्मे तिथून पुढच्या प्रवासाला निघतात अशी माओरी लोकांची श्रद्धा आहे, म्हणून पाहुण्यांना तिथे खाणे-पिणे टाळण्याची विनंती केली जाते आणि लोक ती पाळतात. आपणही धनुष्कोडीला पंगत मांडू नये, मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत आणि पत्रावळी, बाटल्या परत रामेश्वरला आणाव्यात. अजूनही इथे मच्छीमार कुटुंबे राहतात. त्यांच्या झोपड्यांची आणि मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नका.

यात्रा कंपनीबरोबर जाताना विचारायचे प्रश्न

पैसे देण्यापूर्वी ही उत्तरे लेखी घ्या, किमान भ्रमणध्वनीवरच्या संदेशात तरी:

१. कार्यक्रमपत्रिकेत ‘रामेश्वर’ एवढेच आहे की ‘अरिचल मुनै टोक’ असा स्पष्ट उल्लेख आहे?
२. टोकावर किती वाजता पोहोचणार? उत्तर ‘संध्याकाळी’ असेल तर बदलून घ्या.
३. स्थानिक वाहन, तीर्थांचे तिकीट आणि कन्याकुमारीची बोट यांचा खर्च कोणाचा?
४. बसला अखिल भारतीय पर्यटक परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र आहे का? चालक दोन आहेत का?
५. वादळामुळे एखादे ठिकाण रद्द झाले तर पैसे परत मिळणार की दुसरे ठिकाण दाखवणार?
६. एका खोलीत किती माणसे? खोली तळमजल्यावर मिळेल का?
७. आचारी सोबत आहे का? मधुमेह असलेल्यांच्या जेवणाची वेळ पाळली जाईल का?

आगाऊ रक्कम देताना सही-शिक्क्याची पावती घ्या. गावातल्या ओळखीवर तोंडी व्यवहार करू नका. पुढे वाद झाला, तर हाताशी पुरावा राहत नाही.

तुमचे हक्क

- रेल्वे: आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. खालच्या बर्थच्या राखीव कोट्याचा लाभ साठ वर्षांवरील पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिलांना मिळतो. अर्जात वय अचूक लिहा. ई-तिकीट पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढू नका. गाडीला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर गाडी सुटण्यापूर्वी ‘टीडीआर’ दाखल करून पूर्ण परतावा मागता येतो. प्रवासातल्या कोणत्याही तक्रारीसाठी १३९.
- यात्रा कंपनी: कबूल केलेले ठिकाण न दाखवणे किंवा ठरलेला निवास न देणे ही सेवेतली त्रुटी आहे. आधी लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ला फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता तिथेच, म्हणजे धाराशिवच्या आयोगातच, तक्रार करता येते, मग कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.
- ज्येष्ठांसाठी योजना: मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत साठ वर्षांवरील आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्यांना तीर्थयात्रेसाठी एकदा प्रत्येकी कमाल ३० हजार रुपयांची मदत आहे. सध्या अर्ज घेतले जात आहेत का आणि कोणत्या ठिकाणासाठी, हे धाराशिवच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. अर्ज भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाऊ नका.

निघताना पिशवीत

- आधारकार्ड आणि त्याची एक झेरॉक्स वेगळ्या पिशवीत
- रोजच्या गोळ्या, ठरल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह
- टोपी किंवा गमछा, पाण्याची मोठी बाटली, मीठ-साखरेच्या पुड्या
- वाळूत घालता-काढता येतील अशा चपला
- सुटे पैसे, कारण टपरीवर आणि बसमध्ये ऑनलाइन पैसे देता येतीलच असे नाही
- प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात घरच्या माणसाचा फोन क्रमांक आणि निवासाचे नाव लिहिलेली चिठ्ठी

भाषेची भीती बाळगू नका. रामेश्वरला हिंदी बऱ्यापैकी चालते. तरी काही तमिळ शब्द कामी येतात: ‘एव्वळवु?’ म्हणजे किती, ‘तण्णी’ म्हणजे पाणी, ‘वेण्डाम’ म्हणजे नको, ‘नन्री’ म्हणजे आभार. पुरुषाला ‘अण्णा’ आणि बाईला ‘अम्मा’ म्हणा. मदत मिळतेच. दुखापत झाली तर १०८ ही रुग्णवाहिका तिथेही येते.

शेवटी एकच विनंती. धनुष्कोडी पाहायला वयाची अट नाही, फार पैसाही लागत नाही. लागते ती योग्य महिन्याची निवड आणि समुद्राबद्दलचा आदर. या वर्षी दिवाळीनंतरची घाई टाळा, संक्रांतीनंतरच्या तारखा आजच घरात बोलून ठरवा आणि साठ दिवस आधी तिकिटे काढा. गावातून कोणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निघत असेल, तर हा लेख त्यांनाही वाचून दाखवा.